राखणीच्या कुत्र्याचे पिल्लू : चावरेपणा, नासधूस आणि वळण

वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याच्या दारात एखादे वेळी बैल नसेल, गाय नसेल, परंतु कुत्रे नाही असे घर क्वचितच आढळते. रानडुकरांची चाहूल लागताच घरधन्यास जागे करणे, मोटारीची केबल चोरण्यास आलेल्यावर भुंकणे, खळ्यावरील धान्य आणि गोठ्यातील वासरू यांवर नजर ठेवणे ही कामे ते भाकरीच्या चतकोरावर करीत असते. खोंड औतास जुंपण्यापूर्वी आपण त्याच्यासाठी किती तरी महिने खर्ची घालतो. त्यास माणसाच्या हाताची, आवाजाची व दोरीची सवय करून देतो आणि मगच त्याच्या मानेवर जू ठेवतो. कुत्र्याच्या पिल्लाबाबत मात्र असा विचार होत नाही. पिल्लू घरी येते, चार दिवस मुले त्याच्याशी खेळतात, आणि त्याने पहिली वहाण फाडली की काठी उगारली जाते. वर्षभराने तेच कुत्रे येणाऱ्या-जाणाऱ्यास व घरच्यांसही चावू लागले म्हणजे ‘जातच वाईट निघाली’ असे म्हणून आपण मोकळे होतो.

जात वाईट निघाल्याची उदाहरणे थोडी आहेत. वळण चुकल्याची मात्र प्रत्येक गावात दिसतात. हे वळण बहुतांशी पहिल्या पाच-सहा महिन्यांतच लागते अथवा चुकते. यास्तव या लेखात त्याच वयातील, विशेषतः अंगात फार चपळाई असलेल्या पिल्लाचा विचार केला आहे.

दात आणि वय

पिल्लास तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ते सर्व म्हणजे २८ दात आलेले असतात. हे दात सुईसारखे अणकुचीदार असतात, परंतु जबड्यात अजून जोर नसतो. या काळात भावंडे एकमेकांचे कान, पाय व शेपट्या सारखी ओढीत असतात. एखाद्याने जोराने चावा घेतला की दुसरे केकाटते आणि खेळ सोडून निघून जाते. आईला दात लागला तर ती उठून दूर होते किंवा गुरगुरून दाबते. किती जोराने धरले असता समोरच्यास दुखते याचे माप पिल्लाला अशा रीतीने मिळत जाते. ज्या पिल्लास हे माप मिळाले नाही त्याचा पुढे खेळातला चावादेखील रक्त काढतो.

म्हणून आठ आठवड्यांपूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. आपल्याकडे डोळे उघडून ते दुडूदुडू चालू लागले की उचलण्याची रीत आहे. ‘लहानपणी आणले म्हणजे माया लागते’ असे कारण त्यासाठी सांगितले जाते. आठ आठवड्यांनी आणलेल्या पिल्लासही माया तितकीच लागते, असा अनुभव आहे.

चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दात पडू लागतात व सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येऊन पूर्ण होतात. या काळात हिरड्या सळसळतात आणि जे सापडेल ते पिल्लू कुरतडते. कुंपणाची खुंटी, औताचे वादीचे बंधन, फवारणी पंपाचा पट्टा असे काहीही त्यास चालते. यात त्याची खोडी किंवा सूड नसतो. तान्ह्या मुलास दात येताना ते जसे हाती येईल ते चघळते, तसाच हा प्रकार आहे.

तिसरीही एक गोष्ट वयाशी निगडित आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते व हुंगते ते त्यास आपलेसे वाटते. या काळात त्याने कोंबड्या, शेळ्या, ट्रॅक्टर, टोपीवाले, काठी टेकीत येणारे वृद्ध, दप्तर घेतलेली मुले हे सर्व शांतपणे पाहिले असेल तर पुढे त्यांना पाहून ते बिथरत नाही. ज्याने हे काही पाहिले नाही ते मोठेपणी भीतीने भुंकते आणि भीतीनेच चावते.

एका चुकीची हकीकत

ही चूक माझ्या स्वतःच्या घरी घडली आहे. २०१५ साली मी पदवी घेऊन नोकरीस लागलो होतो. महाविद्यालयात पीक, माती, कीड आणि रोग शिकविले होते, कुत्रा शिकविला नव्हता. त्या हिवाळ्यात सोलापूर जिल्ह्यातील आमच्या शेतात धनगरांच्या मेंढ्या बसविल्या होत्या. त्यांच्याजवळ कारवानी कुत्री व्यालेली होती. पिल्ले पाच आठवड्यांची होती. एक पिल्लू मला फार आवडले. कळपाचे वयस्कर मालक म्हणाले, “सायेब, अजून तीन-चार आठवडं आईपाशी ऱ्हाऊ द्या. माघारी येताना म्या सोता आणून दितो.” मला धीर नव्हता. मी ते पिल्लू त्याच दिवशी घरी नेले.

त्याचे नाव मोत्या ठेवले. मी नोकरीच्या गावी आणि मोत्या शेतावर, अशी व्यवस्था झाली. पुतण्यांनी त्यास ‘छू’ करून स्वतःच्याच पायांवर सोडण्याचा खेळ सुरू केला. लहानग्या पिल्लाने धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर धरून लोंबकळणे सर्वांस गमतीचे वाटे. तीन महिन्यांनी तेच पिल्लू दुप्पट झाले आणि गंमत संपली. उन्हाळ्यात त्याने डाळिंबाच्या बागेतील ठिबकच्या नळ्या फाडल्या. एका सकाळी मी स्वतः सतरा भोके मोजली. चुलत भावाने नळीच्याच तुकड्याने त्यास बदडले. पुढे माणसाचा हात वर होताच मोत्या आधी दबून बसे आणि मग दात दाखवी. शेवटी त्यास लिंबाखाली साखळीने बांधून ठेवले. तेथे तो दिवसभर त्याच त्या वर्तुळात धावे आणि भुंके. रात्री सोडावयाचे ठरले होते, परंतु रात्री सोडण्याचे धाडस पुढे कोणास होईना.

तो दहा महिन्यांचा असताना शेजारच्या वस्तीवरील सहा वर्षांची मुलगी ताक नेण्यासाठी आली. तिच्या हातातील तांब्या पडला, ती तो उचलण्यास वाकली, आणि मोत्याने तिचे मनगट धरले. जखम खोल होती. तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात लस दिली. रक्तजलाचे इंजेक्शन तेथे मिळाले नाही, म्हणून तालुक्याला नेले. मोत्यास रेबीजची लस टोचलेलीच नव्हती. टोचण्याचे मी दोनदा ठरविले होते आणि दोनदा राहून गेले होते. पुढील दहा दिवस आमच्या व त्यांच्या घरी कोणासही नीट झोप लागली नाही. दहाव्या दिवशी कुत्रे धडधाकट होते, मुलगीही बरी झाली. आज ती दहावीच्या वर्गात आहे. तिच्या मनगटावर व्रण आहे, आणि आमच्या दारात ती येत नाही. मोत्या पुढे तीन वर्षे जगला, तो साखळीवरच.

या हकीकतीत काय काय चुकले हे नंतर पशुवैद्यकांशी, मेंढपाळांशी बोलून व स्वतः दुसरे पिल्लू वाढवून मला समजले. पुढील सूचना त्यावर आधारलेल्या आहेत.

हात तोंडात धरला असता

पिल्लाने हात धरला तर हात झटक्याने मागे ओढू नये. ओढलेली वस्तू पळते आहे असे त्यास वाटते आणि ते अधिक घट्ट धरते. त्याउलट हात सैल सोडावा, हलवू नये, एकदाच स्पष्टपणे ‘नको’ म्हणावे, आणि सुटताच उठून पाठ फिरवावी. मनात वीस आकडे मोजावेत. नंतर परत यावे व पिल्लाच्या तोंडात चावता येईल अशी वस्तू द्यावी. ते ती चघळू लागले की हळू आवाजात चुचकारावे. हे दिवसातून दहा वेळा करावे लागेल, कदाचित वीस वेळा. पहिल्या चार-सहा दिवसांत तर पिल्लू अधिकच चेकाळते, कारण पूर्वी जे चालत असे ते आता का चालत नाही हे ते अजमावून पाहत असते. येथेच बहुतेक लोक कंटाळतात. दोन-तीन आठवडे नेटाने केल्यास फरक दिसतो.

घरातील सर्वांनी एकच रीत पाळणे हे यातील सर्वांत कठीण काम होय. एकाने ‘नको’ म्हणावयाचे, दुसऱ्याने ‘हाड’, तिसऱ्याने ‘अरे सोड की बाबा’ आणि आजोबांनी हळूच भाकरीचा तुकडा द्यावयाचा, अशाने पिल्लाचा गोंधळ होतो. शब्द थोडे असावेत. ‘ये’, ‘बस’, ‘सोड’ आणि ‘नको’ हे चार शब्द शेतावरील कुत्र्यास पुरेसे आहेत.

‘बस’ शिकविणे सोपे आहे. भाकरीचा लहान तुकडा पिल्लाच्या नाकाजवळ धरून डोक्यावरून मागे न्यावा. मान वर करता करता ते आपोआप खाली बसते. बसताक्षणी तुकडा द्यावा. एका वेळी तीन-चार मिनिटांपेक्षा अधिक शिकवू नये, परंतु दिवसातून चार-पाच वेळा शिकवावे. पुढे जेवणाची थाळी ठेवण्यापूर्वी, दार उघडण्यापूर्वी, दोरी सोडण्यापूर्वी ‘बस’ म्हणावे. अंगावर उड्या मारणारे पिल्लू काही दिवसांनी समोर येऊन आपण होऊनच बसू लागते, कारण बसल्याने मिळते आणि उडी मारल्याने मिळत नाही हा हिशेब त्यास कळतो.

‘सोड’ शिकविताना अदलाबदल करावी. पिल्लाने वहाण पळविली तर त्याच्यामागे धावू नये. धावणे हा त्याच्या दृष्टीने उत्तम खेळ आहे आणि उद्या ते मुद्दाम वहाण पळवील. जागीच बसून त्यास दुसरे काही आवडीचे दाखवावे, ‘सोड’ म्हणावे आणि वहाण सुटताच ते द्यावे. ज्या कुत्र्याच्या तोंडातून वस्तू सदैव हिसकावून घेतल्या जातात ते आपली हाडके, आपली थाळी, आपली जागा यांसाठी गुरगुरणारे होते.

मारण्यासंबंधी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. मार दिल्याने त्या क्षणी पिल्लू थांबते, हे खरे. परंतु ते शिकते एवढेच की मनुष्याचा हात हे एक संकट आहे. गुरगुरल्याबद्दल मार बसला तर ते पुढे गुरगुरणे सोडते आणि पूर्वसूचना न देता चावते. असे कुत्रे गुरगुरणाऱ्या कुत्र्यापेक्षा अधिक धोक्याचे असते. कान-शेपटी छाटल्याने किंवा मिरची खाऊ घातल्याने कुत्रे तिखट होते, ही समजूतही अजून काही ठिकाणी आहे. त्याने केवळ जनावराचे हाल होतात.

थकवा, झोप आणि साखळी

चपळ पिल्लास दिवसभर पळवून दमविले म्हणजे ते शांत होईल, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. लहान पिल्लास दिवसाचे १८ ते २० तास झोप लागते. वस्तीवर मुलांची वर्दळ असते, त्यामुळे ती मिळत नाही. मग सांजवेळी दिवे लागण्याच्या सुमारास ते वेड्यासारखे अंगणभर धावते, जो दिसेल त्यास चावते. घरच्यांना वाटते त्यास आणखी खेळ हवा. वास्तविक ते झोपेला आलेले असते. अशा वेळी त्यास गोणपाट अंथरलेल्या, थोड्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले तर बहुधा थोड्याच वेळात डोळे मिटते. पडवीच्या एका कोपऱ्यास जाळीचे आडोशाचे दार केले की अशी जागा तयार होते. तेथे पाण्याचे भांडे व चघळण्याची एक वस्तू ठेवावी. ही जागा शिक्षेसाठी मात्र वापरू नये. बिबट्याचा वावर असलेल्या उसाच्या पट्ट्यात तर रात्री पिल्लू उघड्यावर बांधणे म्हणजे बिबट्यास आमंत्रण देणे होय. तेथे वरूनही बंद असलेला निवाराच हवा.

कारवानी किंवा मुधोळ जातीच्या पिल्लाचा पिंड निराळा असतो. ही कुत्री नजरेने शिकार हेरून वेगाने पाठलाग करण्यासाठी पिढ्यान् पिढ्या निवडलेली आहेत. हलणारी वस्तू दिसली की त्यांचे पाय उचलतातच. त्यांना सकाळ-संध्याकाळ कुंपण असलेल्या रानात मोकळे धावू द्यावे. एरवी ती शांत पडून राहतात. मोटारसायकलला बांधून पळविणे मात्र वर्ष-सव्वा वर्ष होईपर्यंत टाळावे, कारण तोपर्यंत हाडे व सांधे पक्के झालेले नसतात. सशामागे सोडण्याची हौस करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि आज सशामागे सोडलेले पिल्लू उद्या शेजाऱ्याच्या करडामागे जाते. केवळ राखणीसाठी हवे असेल तर माझ्या मते साधे गावठी पिल्लू अधिक सोयीचे. ते आपल्या हवेला सरावलेले असते, खाण्यास कमी लागते आणि कान सदैव टवकारलेले असतात. परंतु हौसेला मोल नसते, हे मी वर माझ्याच उदाहरणाने सांगितले आहे.

डोक्याला काम दिल्यानेही पिल्लू दमते. त्याच्या जेवणातील थोडी कोरडी भाकरी कुस्करून अंगणातील गवतात विखरून टाकावी आणि हुंगून शोधू द्यावी. पंधरा मिनिटांच्या या शोधाने जो निवांतपणा येतो तो तासभर दंगा केल्यानेही येत नाही.

साखळीचा उपयोग थोड्या वेळापुरता करावा. चोवीस तास बांधलेले कुत्रे अंगातील जोर भुंकण्यात, उकरण्यात आणि झडप घालण्यात घालविते. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या ११ व्या कलमानुसार अवाजवी आखूड वा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्यास पुरेसे फिरवून न आणणे हा अपराध आहे. शेतावर हे कलम फारसे कोणास ठाऊक नाही.

नळ्या, वायरी आणि विषे

कुरतडण्याने होणारे पैशाचे नुकसान डोळ्यांस दिसते, परंतु पिल्लाच्या जिवास असलेला धोका त्याहून मोठा आहे.

ठिबकच्या नळीकडे पिल्लू दोन कारणांनी वळते. नळी मऊ व गार असल्याने सळसळणाऱ्या हिरड्यांस बरी वाटते, आणि तिच्यातून पाणी येते. वैशाखात खारी व कोल्हेदेखील पाण्यासाठी नळ्या फोडतात. तेव्हा बागेत जाणाऱ्या पिल्लासाठी सावलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवावे आणि दात पडण्याचे दोन-तीन महिने त्यास बागेत एकटे सोडू नये. सोबत नेताना पाच-सहा हात लांब हलकी सुती दोरी गळपट्ट्यास बांधावी. नळीकडे वळले की ओढाताण न करता हाक मारावी व आले की तुकडा द्यावा. नळ्यांना कडुनिंबाचा कडू अर्क लावून काही पिल्ले परावृत्त होतात, काही होत नाहीत. मिरचीचे पाणी लावू नये, ते डोळ्यांत जाते.

चघळण्यास जाड टणक रबराची कडी किंवा जाड गाजर द्यावे. गाजर गार पाण्यात ठेवून दिले तर हिरड्यांस आराम पडतो. जाड सुती कापड ओले करून पीळ देऊन गाठ मारलेलेही चालते, परंतु ते आपल्या देखत द्यावे, कारण धागे गिळल्यास आतड्यात अडकतात. जुनी वहाण कधीही देऊ नये. जुनी कोणती आणि नवी कोणती हे पिल्लास समजत नाही. शिजविलेली कोंबडीची हाडे फुटून टोकदार तुकडे होतात, ती टाळावीत. आंब्याची कोयही आतड्यात अडकते. मेंढी-शेळी कापल्यावर कच्चे काळीज-फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकण्याची पद्धत तर पूर्णपणे बंद झाली पाहिजे. त्यातील गाठींतून पट्टकृमी कुत्र्याच्या पोटात जातात आणि त्यांची अंडी विष्ठेतून माणसापर्यंत पोहोचून यकृतात व फुफ्फुसात पाण्याच्या मोठ्या गाठी होतात.

मोटारीची केबल व स्टार्टरच्या वायरी जमिनीपासून उंच अथवा जाड नळीत असाव्यात. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाईडचे आमिष, कीटकनाशकाच्या रिकाम्या बाटल्या, औषध लावलेले बियाणे आणि युरियाचे पोते यांपैकी कोणतीही वस्तू पिल्लाच्या तोंडाला लागेल अशा उंचीवर नसावी. विषबाधेची शंका आल्यास घरगुती उपायात वेळ न घालविता त्या विषाचे वेष्टन सोबत घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. द्राक्षबागायतदारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. द्राक्षे व बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि ती किती खाल्ली असता बाधतील याचा नेम नसतो. बेदाणा शेडखाली पिल्लू फिरकू देऊ नये. कांदा-लसणानेही कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा नाश होतो. उरलेले झणझणीत कालवण दररोज कुत्र्याच्या थाळीत ओतणे म्हणूनच अयोग्य होय.

भुकेले पिल्लू अधिक कुरतडते, हे वेगळे सांगावयास नको. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा व नंतर दोन वेळा खाऊ घालावे. नुसत्या दूध-भाकरीवर वाढ खुंटते. तीत बिनफोडणीचे वरण, उकडलेले अंडे अथवा शिजविलेले मांस घालावे.

कोंबड्या, वासरे आणि मुले

कोंबड्यांची ओळख लवकर करून द्यावी. पिल्लास दोरीवर घेऊन खुराड्यापासून वीस-पंचवीस पावलांवर बसावे. कोंबड्यांकडे टक लावून पाहणारे पिल्लू क्षणभर आपल्याकडे वळले की तुकडा द्यावा. दररोज अंतर दोन पावले कमी करावे. पाठलागास सुरुवात होऊ न देणे हेच यातील मर्म आहे, कारण एकदा पंख तोंडात आले की ती गोडी सहज सुटत नाही. मेलेली कोंबडी गळ्यात बांधण्याचा उपाय कित्येक जण सांगतात. त्यापासून काही शिकल्याचे मी पाहिलेले नाही. व्यालेल्या गाईजवळ मात्र पिल्लास नेऊच नये. ती लाथेने किंवा शिंगाने जीव घेते.

मुलांना शिकविणे हे पिल्लास शिकविण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पिल्लू अंगावर आले तर पळू नये, ओरडू नये, हात छातीशी घेऊन झाडासारखे उभे राहावे. खात असलेल्या, झोपलेल्या अथवा बांधलेल्या कुत्र्याजवळ जाऊ नये. ‘छू’ हा शब्द घरातून हद्दपार करावा. पाच-सहा वर्षांखालील मूल आणि पिल्लू यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड क्षणभरही एकत्र ठेवू नये.

दात लागल्यास

पिल्लाचा दात म्हणजे काही चावा नव्हे, असे म्हणून जखमेकडे दुर्लक्ष करण्याची सवय अत्यंत घातक आहे. लस न टोचलेल्या पिल्लासही पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने रेबीज होतो आणि त्याची लाळ तितकीच विषारी असते. या रोगाची लक्षणे माणसात दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. लक्षणे बहुधा दोन-तीन महिन्यांनी, कधी त्याहून बऱ्याच उशिराने दिसतात. तोपर्यंत ओरखडा विस्मरणात गेलेला असतो.

कातडी फाटली असो वा नुसते खरचटले असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवावी. तीवर चुना, मिरचीपूड, हळद, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. कातडीत द्यावयाची लस पहिला दिवस, त्यानंतर ३ रा, ७ वा व २८ वा दिवस अशी चार वेळा घ्यावी लागते. जखमेतून रक्त आले असल्यास रक्तजलाचे इंजेक्शनही लागते. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी पद्धत सुमारे वीस वर्षांपूर्वीच बंद झाली आहे, तेव्हा त्या भीतीने कोणी घरी बसू नये. कुत्रे दहा दिवस नजरेखाली ठेवावे, परंतु त्याची वाट पाहत लस लांबवू नये.

दांडगट पिल्लू व रोगी पिल्लू यांतील फरक ओळखावा. दांडगट पिल्लू खेळते, खाते, झोपते आणि हाकेला येते. ज्याची वागणूक एकाएकी पालटली, आवाज घोगरा झाला, जे लाकूड, दगड, माती अशा कशासही कडकडून चावते, ज्याचा जबडा लोंबतो व लाळ गळते, त्याच्यापासून दूर राहावे आणि ताबडतोब पशुवैद्यकास कळवावे. घशात हाड अडकले असेल असे समजून त्याच्या तोंडात हात घालण्याची चूक पुष्कळदा होते. ती कदापि करू नये.

पिल्लास जंताचे औषध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्यास तीन महिन्यांपर्यंत व नंतर सहा महिन्यांपर्यंत दरमहा द्यावे. इतर रोगांच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून आणि रेबीजची लस तीन महिने पूर्ण होताच टोचावी. पुन्हा केव्हा टोचावयाची ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावे आणि नंतर दरवर्षी चुकवू नये. या लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लास बाजारात किंवा परक्या कुत्र्यांत खाली सोडू नये, मात्र उचलून नेऊन जग अवश्य दाखवावे.

दुसरे पिल्लू, वाघ्या, मी २०२० साली नऊ आठवड्यांचे असताना आणले. तेही हाताला धरी, त्यानेही दोन वहाणा व एक पंपाचा पट्टा खाल्ला. नळ्यांस त्याने चार भोके पाडली, सतरा नव्हेत. आज तो कोंबड्यांमध्ये पडून झोपतो आणि रात्री बांधावर जरा खुट्ट झाले तरी अख्ख्या शिवाराला उठवितो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी याबाबत एक काम अवश्य करावे. आपल्याकडे गावकुत्र्यांच्या पिल्लांचा मुख्य हंगाम पावसाळा संपताना सुरू होऊन हिवाळाभर चालतो. त्या दिवसांत वस्त्यांवर फिरताना कोणाच्या घरी पिल्लू आले, ते साधारण कोणत्या तारखेस जन्मले आणि त्यास तीन महिने केव्हा पूर्ण होतात, याची नोंद आपल्या डायरीत करावी व ती यादी पशुवैद्यकीय दवाखान्यात द्यावी. लसीकरणाच्या दिवशी पिल्लू गोणपाटात गुंडाळून आणण्यास सांगावे. मोठे कुत्रे दोरीवर व तोंडास कापडी पट्टी बांधून आणावे, आणि आणणारी व्यक्ती लहान मूल नसावी.